घेतले ते परत गेले पाहिजे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प आपण गुंफावे, अशी आज्ञा मंडळाच्या कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्हांस आनंद झाला आणि भीतीही वाटली. आनंद अशासाठी की, सन २००६ मध्ये बदलीच्या निमित्ताने आम्ही प्रथम या शहरी आलो, तेव्हा ज्या वास्तूत आम्हांस पहिल्यांदा मराठी शब्द कानी पडला, ती हीच वास्तू. मधली काही वर्षे इतरत्र काढून सन २०१८ मध्ये पुन्हा येथेच आलो, तेव्हाही स्थानकावर उतरवून घ्यावयास मंडळाचीच माणसे आली होती. भीती अशासाठी की, याच व्यासपीठावरून पूर्वी विद्वान प्राध्यापक आणि नामवंत कलावंत बोलून गेले आहेत. आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेले, आणि पुढील सारे आयुष्य सरकारी टिपण्या लिहिण्यात गेलेले.

त्यातून आम्ही विषय सांगितला तो ‘फंक्शनल प्रोग्रामिंगच्या भाषेत साधनांची आपोआप होणारी व्यवस्था’. तो ऐकून कार्यवाहांच्या चेहऱ्यावर जी चिंता उमटली, ती अजून आमच्या डोळ्यांसमोर आहे. ‘एखादे प्रवासवर्णन नाही का जमणार?’ असे त्यांनी मोठ्या सौजन्याने सुचवूनही पाहिले. परंतु आम्ही हट्ट सोडला नाही. या विषयाच्या पोटात एक अगदी घरगुती प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाने आम्हांस एकदा फार लाजविले आहे. ती हकीकत ओघाने येईलच.

प्रथम हे ज्ञान आमच्यापर्यंत आले कसे, ते सांगतो. सन २०२० च्या टाळेबंदीत आमची कन्या नोकरीचे गाव सोडून आमच्या सरकारी निवासस्थानी येऊन राहिली आणि जेवणाच्या टेबलावर आपला संगणक मांडून तिने कचेरी थाटली. ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते, त्या भाषेचे नाव हॅस्केल. हॅस्केल करी नावाच्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ठेवलेले असून, या भाषेचा पहिला अहवाल सन १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. एके संध्याकाळी तिला कपाळाला हात लावून बसलेली पाहून आम्ही विचारले, ‘काय झाले?’ ती म्हणाली, ‘बाबा, कोणीतरी वस्तू घेतली आहे आणि परत केलेली नाही. कोणी, ते सापडत नाही.’ तीस वर्षे भांडाराच्या नोंदवह्या तपासलेल्या माणसाला याहून ओळखीचे वाक्य ते कोणते? आम्ही खुर्ची पुढे ओढून बसलो. त्यानंतर अनेक संध्याकाळी जे ऐकले, विचारले आणि पुढे स्वतः वाचले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत. त्यात काही चुकले असेल तर तो दोष आमचा; कन्येचा नव्हे.

संगणकाच्या कामात ‘साधन’ कशास म्हणावे? जे मोजकेच असते, कामापुरते मागून घ्यावे लागते आणि काम झाल्यावर परत करावे लागते, ते साधन. स्मृती, म्हणजे मेमरी, हे पहिले साधन. उघडलेली फाईल हे दुसरे. दुसऱ्या संगणकाशी जोडलेली तार, माहितीसाठ्याशी बांधलेले संधान आणि एका वेळी एकानेच आत जावे म्हणून लावलेले कुलूप, हीही साधनेच. यांतील प्रत्येकाला मर्यादा आहे. लिनक्स यंत्रणेवर एका प्रोग्रामने एका वेळी किती फाईली उघड्या ठेवाव्यात याची नेहमीची मर्यादा पुष्कळ ठिकाणी १०२४ असते. आता समजा, दर तासाला एक फाईल उघडली गेली आणि बंद करावयाची राहिली. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. दीड महिन्याच्या आतच, ऐन कामाच्या वेळी, यंत्र म्हणते की यापुढे एकही फाईल उघडता येणार नाही. ज्याने चूक केली तो केव्हाच निघून गेलेला असतो आणि शिक्षा भलत्यालाच होते. संगणकवाले यास ‘गळती’ म्हणतात. शब्द अगदी समर्पक आहे.

‘फंक्शनल’ म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. शाळेतील गणिताच्या पुस्तकात आपण ज्यास ‘फल’ म्हणून शिकलो, त्या फलांच्या रचनेतून या भाषांत प्रोग्राम बांधला जातो. तीन दिले की नऊ मिळावे, चार दिले की सोळा मिळावे. काल दिले काय किंवा आज दिले काय, उत्तर तेच. एकदा ठरलेली किंमत मागाहून खोडून बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवी किंमत निर्माण करावयाची. सरकारी नोंदवहीत खाडाखोड वर्ज्य असते, तशातलाच हा प्रकार. या शिस्तीचे फायदे पुष्कळ आहेत. परंतु जुने न खोडता सतत नवे लिहीत गेल्यावर कागद भराभर संपणार हे उघड आहे. म्हणून ज्यांनी या भाषा रचल्या, त्यांना आरंभापासूनच एक प्रश्न सोडवावा लागला : वापरून झालेली जागा परत कोणी गोळा करावयाची?

याचे पहिले मोठे उत्तर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिळाले. सन १९५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी तेथे लिस्प ही भाषा रचण्यास आरंभ केला. ती आयबीएम ७०४ या यंत्रावर चालत असे आणि तिच्यासंबंधीचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध एप्रिल १९६० मध्ये छापून आला. त्यांची युक्ती अशी की, प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागा परत करण्याची चिंताच करू नये. मोकळी जागा संपत आली की यंत्राने हातातले काम थांबवावे, ज्या जागांपर्यंत प्रोग्राम अजून पोहोचू शकतो त्या सर्वांवर खूण करावी, आणि ज्यांवर खूण नाही त्या साऱ्या मोकळ्या म्हणून जमा करून घ्याव्यात. या पद्धतीस ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे सरळ मराठीत केर काढणे, असे नाव पडले. सरकारी नोकरांस हे अपरिचित नाही. सामान्य वित्तीय नियमांनुसार स्थावर-जंगम वस्तूंची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष मोजदाद करावी लागते. त्या दिवशी भांडार बंद असते, कोणास काही मिळत नाही, आणि ज्या वस्तूचा धनी सापडत नाही तिची वासलात लावली जाते. मॅकार्थींचे यंत्रही केर काढताना असेच सर्वांना काही सेकंद ताटकळत ठेवी.

यासंबंधीची एक गंमत स्वतः मॅकार्थींनीच पुढे सांगून ठेवली आहे. उद्योगक्षेत्रातील पाहुण्यांपुढे ते लिस्पचे प्रात्यक्षिक दाखवीत होते. उत्तरे छापण्यासाठी सेकंदाला दहा अक्षरे या गतीने चालणारे फ्लेक्सोरायटर नावाचे टंकयंत्र जोडलेले होते. सारे सुरळीत चालले असता मध्येच जागा संपली, आणि त्या यंत्राने ‘केर काढणाऱ्यास पाचारण करण्यात आले आहे, त्याची मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे’ अशा आशयाचा मजकूर सावकाश, एकेक अक्षर करीत, टंकण्यास सुरुवात केली. आकडेवारी संपेना, ठरलेली वेळ मात्र संपली. खुद्द मॅकार्थींना हसू आवरेना, आणि पाहुण्यांना वाटले असावे, कोणीतरी यांचीच थट्टा केली. आमच्या कचेरीत मोजदादीच्या दिवशी नेमके वरिष्ठ तपासणीस आले होते, त्या प्रसंगाची आम्हांस आठवण झाली.

त्याच १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग दाखविला. प्रत्येक वस्तूवर एक आकडा ठेवावयाचा : ही वस्तू सध्या किती जण वापरीत आहेत? एकाने सोडली की आकडा एकाने कमी करावा, आणि शून्य झाला की वस्तू तत्क्षणी परत घ्यावी. यात वार्षिक मोजदादीची वाट पाहावी लागत नाही. परंतु एक खोच आहे. ‘अ’ फाईलवर शेरा आहे, ‘ब फाईल पाहावी’. आणि ‘ब’ फाईलवर शेरा आहे, ‘अ फाईल पाहावी’. बाहेरच्या जगास दोन्हींची गरज उरलेली नाही. तरीही दोन्हींवरचा आकडा एकच राहतो, शून्य कधी होत नाही. अशा फाईलींच्या जोड्या आम्ही आमच्या सेवेत किती पाहिल्या आहेत, हे येथे सांगणे गोपनीयतेच्या नियमांत बसणार नाही.

येथवर सर्व ठीक होते. परंतु हे दोन्ही उपाय मुख्यतः स्मृतीसाठी होते. स्मृतीचे एक खाते दुसऱ्यासारखेच असते. ते आज परत आले काय आणि उद्या आले काय, एकूण साठा पुरला म्हणजे झाले. फाईल, कुलूप, संधान यांचे तसे नाही. कुलूप लावून एक जण निघून गेला, तर मागचे सारे त्याच क्षणापासून दारात उभे राहतात. पुन्हा अडचण अशी की, केर काढणारा येतो तो स्मृती कमी पडली म्हणजे. स्मृती मुबलक आहे आणि फाईली तेवढ्या संपल्या आहेत, असे झाल्यास त्याला वर्दीच जात नाही! एखादी वस्तू केरात जाताना तिच्या मागची फाईलही बंद करावी, अशी सोय पुष्कळ भाषांत केलेली आहे. पण ती केव्हा घडेल, किंबहुना घडेलच, याची हमी सहसा मिळत नाही. थोडक्यात, वार्षिक मोजदाद आवश्यक खरी. परंतु तिच्या भरवशावर भांडार चालविता येत नाही.

आता ती हकीकत. ज्यांची आहे त्यांची अनुमती घेऊनच ती सांगत आहोत.

सन २००९ मध्ये आमचे एक सहकारी दौऱ्यावर असताना हृदयविकाराने अकस्मात गेले. मराठी माणूस, याच मंडळाचा सभासद. वय अवघे शेहेचाळीस. अंत्यविधीची सारी व्यवस्था मंडळाने केली, हे येथील अनेकांस स्मरत असेल. पुढे त्यांच्या कुटुंबास मिळावयाच्या रकमांचे प्रकरण कचेरीत सुरू झाले. नियमाप्रमाणे सर्व शाखांकडून ‘काही येणे नाही’ असे प्रमाणपत्र हवे होते. भांडारशाखेने लिहिले : त्यांच्या नावावर मोजणीचे एक उपकरण बाकी आहे. वस्तू किमती होती. ते उपकरण घरी नव्हते, कपाटात नव्हते, दौऱ्याच्या सामानात नव्हते. प्रकरण थांबले.

ते प्रकरण ज्या टेबलावर थांबले, ते टेबल आमचे होते. आम्ही काही नियमबाह्य केले नाही. पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, उत्तरांची वाट पाहिली. असे नऊ महिने गेले. त्या वर्षी गणेशोत्सवात, याच सभागृहाच्या मागच्या खोलीत मोदकांची ताटे लावली जात असताना, वहिनी आम्हांस म्हणाल्या, ‘भाऊजी, वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगून जायला त्यांना वेळ कुठे मिळाला?’ स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही स्मरणपत्र न लिहिता स्वतः गाडीत बसलो. उपकरण त्यांच्या शेवटच्या मुक्कामाच्या विश्रामगृहात, चौकीदाराच्या कपाटात, कापडात नीट गुंडाळून ठेवलेले होते. साहेबांची वस्तू आहे, कोणीतरी न्यायला येईल, म्हणून त्या भल्या माणसाने ती जपली होती. नऊ महिने कोणीही गेले नव्हते. कारण जावयाचे कोणी, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

पुढे अकरा वर्षांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर कन्येने हॅस्केलमधील ‘ब्रॅकेट’ नावाचे एक फल समजावून सांगितले, तेव्हा आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. ब्रॅकेट म्हणजे कंस. गणितात उघडलेला कंस मिटविल्यावाचून उदाहरण पुरे होत नाही. या फलास तीन गोष्टी द्याव्या लागतात : साधन कसे घ्यावयाचे, ते परत कसे करावयाचे, आणि त्याचा वापर काय करावयाचा. क्रम लक्षात घ्यावा. परत करण्याची कृती दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि वापर तिसऱ्या. वस्तू परत कशी जाईल हे सांगितल्याशिवाय ती वापरावयास मिळतच नाही. आणि वापराचे काम कसेही संपो, सुखरूप संपो, मध्येच चूक होऊन कोसळो किंवा बाहेरून कोणी थांबवो, परत करण्याची कृती घडते. ती वापरणाऱ्याच्या स्मरणावर सोपविलेली नसते.

प्रोग्रामच्या भाषेत अशा अवचित घटनेला ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, म्हणतात. आमच्या कचेरीची सारी व्यवस्था मनुष्य सरळ दरवाजाने बाहेर पडतो असे गृहीत धरून रचलेली होती : बदली झाली, निवृत्त झाला, प्रभार दिला, सही केली आणि गेला. जो या दरवाजाने गेला नाही, त्याच्यासाठी काहीच लिहिलेले नव्हते. अपवादाचा भार मग ज्यांचा काहीही अपराध नव्हता, त्यांच्यावर पडला.

ही कल्पना हॅस्केलपुरतीच आहे असे मुळीच नाही. लिस्पच्या कुळात ‘अनवाइंड-प्रोटेक्ट’ नावाची अशी सोय फार पूर्वीपासून आहे. पायथन या भाषेत सन २००६ मध्ये आणि जावा या भाषेत सन २०११ मध्ये याच हेतूने नवी वाक्यरचना दाखल झाली. फरक एवढाच की, त्या दोन भाषांना त्यासाठी आपल्या व्याकरणात भर घालावी लागली. फंक्शनल भाषेत कृती हीच एक देता-घेता येणारी वस्तू असल्यामुळे, ब्रॅकेट हे इतर फलांसारखेच थोड्या ओळींचे एक साधे फल आहे. ज्याला वाटेल तो आपल्या गरजेप्रमाणे आपला वेगळा कंस करून घेऊ शकतो. कंसात कंस घातले तर जे शेवटी घेतले ते प्रथम परत जाते. गणपतीचे मखर उतरविताना आपण हेच करतो. शेवटी चढविलेली माळ आधी उतरते.

यात तीन बारकावे आहेत, आणि ते सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही.

पहिला असा. वस्तू हातात आली, पण ती परत करण्याची नोंद अजून व्हावयाची आहे, नेमक्या त्या निमिषात कोणी काम थांबविले तर? कंस उघडण्यापूर्वीच उदाहरण फाटले! सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स, अँड्र्यू मोरान आणि जॉन रेपी यांनी सन २००१ मध्ये या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यातील उपाय असा की, घेण्याच्या आणि परत करण्याच्या त्या मोजक्या क्षणांत बाहेरचे व्यत्यय दाराबाहेर थांबवून ठेवावेत आणि वापराच्या वेळी ते पुन्हा आत येऊ द्यावेत. प्रभार घेताना दोन्ही सह्या होईपर्यंत दूरध्वनी उचलू नये, असे आमचे एक जुने वरिष्ठ सांगत. त्यांस हा निबंध ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अनुभव मात्र दांडगा होता.

दुसरा बारकावा हॅस्केलच्या स्वभावातून येतो. ही भाषा मोठी आळशी आहे. हा आमचा शब्द नव्हे. जाणकारच तिला असे म्हणतात. जोवर उत्तराची खरोखर गरज पडत नाही, तोवर ती हिशेब करीतच नाही. आता कंसात फाईल उघडली, ‘हिच्यातील मजकूर वाच’ म्हटले, आणि तो मजकूर घेऊन बाहेर पडलो. भाषेने वाचले काहीच नाही. ‘लागेल तेव्हा वाचीन’ अशी चिठ्ठी तेवढी दिली. कंस मिटला, फाईल बंद झाली. पुढे मजकूर पाहावयास जावे, तो जुन्या आवृत्त्यांत न वाचलेला भाग गायबच असे. अलीकडच्या आवृत्त्या निदान चूक झाल्याचे सांगतात. म्हणजे वस्तू उशिरा परत करणे हा जसा दोष आहे, तसा गरज संपण्यापूर्वी ती काढून घेणे हाही दोषच आहे. नियमाची घाई आणि नियमाची दिरंगाई यांत भरडला जाणारा माणूस एकच असतो. म्हणून काम खरोखर पुरे झाल्यावरच कंस मिटावा, याची खात्री लिहिणाऱ्याने करून घेतली पाहिजे.

तिसरा बारकावा तर्कशास्त्राचा आहे. नेहमीच्या तर्कशास्त्रात एखादे सत्य कितीही वेळा वापरावे, ते झिजत नाही. सन १९८७ मध्ये फ्रान्समधील तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी ‘लिनियर लॉजिक’ नावाचे निराळे तर्कशास्त्र मांडले. त्यात गृहीत गोष्ट वापरली की खर्च होते. खिशातील एकाच नाण्याने चहाही घेता येतो आणि वर्तमानपत्रही घेता येते, परंतु दोन्ही घेता येत नाहीत. तसे हे तर्कशास्त्र. सन १९९० मध्ये फिलिप वॉडलर यांनी ही कल्पना फंक्शनल भाषांत कशी उतरेल ते दाखविले, आणि सन २०२१ मध्ये हॅस्केलच्या जीएचसी या प्रमुख भाषांतरक-यंत्रणेच्या ९.० या आवृत्तीत तिचा ऐच्छिक अंतर्भाव झाला. ‘ही वस्तू नेमकी एकदाच वापरून संपवावी’ असे वस्तूच्या प्रकारावरच लिहिता येते. ती परत करावयाची राहिली, किंवा दोनदा परत केली, तर प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच यंत्र तो नाकारते. चूक घडल्यावर चौकशी करण्यापेक्षा चुकीचा अर्ज खिडकीवरच परत करणे केव्हाही चांगले. तथापि मध्येच अपवाद उद्भवला तर हा पहारा पुरत नाही. तेथे कंसच लागतो. दोहोंनी एकमेकांस सांभाळावयाचे आहे.

आणि कंसही सर्वशक्तिमान नाही. वीजच गेली, किंवा यंत्रणेने प्रोग्रामचा गळाच आवळला, तर परत करण्याची कृती करावयास कोणी जिवंत उरत नाही. प्रोग्राम मारला गेला तर त्याच्या उघड्या फाईली आणि स्मृती यंत्राची मुख्य व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्याकडे जमा करून घेते; परंतु त्याने बाहेर कोठे ठेवलेली खूण, तबकडीवर टाकलेली तात्पुरती फाईल, तशीच राहते. तेथे पुन्हा कोणी तरी गाडीत बसून विश्रामगृहापर्यंत जावे लागते. ‘आपोआप’ या शब्दाचा अर्थ माणसाची गरज संपली असा नाही. माणसाने काळजी आधी घेतली, एकदाच घेतली, आणि ती लिहून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ.

मंडळींनो, संगणक सोडून आता घरी येऊ. त्या प्रसंगानंतर आमच्या शाखेत आम्ही एक लहानसा बदल केला. वस्तू देण्याच्या नोंदवहीत ‘कोणास दिली’ आणि ‘केव्हा दिली’ या रकान्यांच्या मध्ये आणखी एक रकाना आखला : ‘घेणारा न आल्यास परत कोणी आणावी’. त्यात घेणाऱ्याचे नव्हे, कचेरीतील दुसऱ्या कोणाचे तरी नाव वस्तू देतानाच लिहावयाचे. त्या दुसऱ्याची सही झाल्याशिवाय वस्तू द्यावयाची नाही. सुरुवातीस सर्वांनी कुरकुर केली. पुढे सवय झाली. असा काही कंस संगणकशास्त्रात आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊकही नव्हते. हे शहाणपण आम्हांस पुस्तकाने दिले नाही. वहिनींच्या एका वाक्याने दिले.

आपले मंडळही साधनांवरच उभे आहे. पन्नास वर्षांत जमलेली मोठी पातेली, सतरंज्या, हार्मोनियम, तबल्याची जोडी, नाटकाचे पडदे, आणि त्या सर्वांहून मोलाचा आपला ग्रंथसंग्रह. आपण सारे बदलीची माणसे. कोणाचा हुकूम केव्हा येईल याचा नेम नाही. आठ दिवसांत सामान बांधून निघावे लागते. पुस्तक कोणी मुद्दाम नेत नाही. ते खोक्यात चुकून बांधले जाते आणि जबलपूरहून गुवाहाटीला जाते. दर वर्षी कार्यकारिणी यादी वाचते, हळहळते आणि पुढील विषयाकडे वळते. ही झाली आपली वार्षिक मोजदाद. आमची विनंती अशी की, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या वहीतही तो एक रकाना वाढवावा. पातेले नेताना किंवा पुस्तक नेताना शेजारच्या एका सभासदाचे नाव त्यात लिहावे. घेणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. घेणारा आजारी पडला, त्याची बदली झाली, किंवा आणखी काही झाले, तर त्याच्या घरच्यांच्या दाराशी कोणी वसुलीला जाऊ नये म्हणून.

ज्या वहिनींची हकीकत सांगितली, त्या आता नाशिकला मुलाकडे असतात. अनुमती मागण्यासाठी आम्ही दूरध्वनी केला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सांगा की, भाऊजी. पण त्या चौकीदाराचेही सांगा. त्याने ती वस्तू जपून ठेवली होती.’ म्हणून त्याचाही उल्लेख केला.

या शहरात आपण सारे काही काळापुरते आलो आहोत. निवासस्थान सरकारचे, वास्तू मंडळाची, आणि भाषा आपल्या पूर्वजांकडून घेतलेली. यांतील प्रत्येक गोष्ट पुढच्याच्या हाती नीट सोपवावयाची आहे, आणि ती कशी सोपवावयाची हे आताच लिहून ठेवावयाचे आहे. मंडळाच्या शतमहोत्सवी वर्षी आमच्यापैकी पुष्कळ जण येथे नसतील. तेव्हाही ही हार्मोनियम जागेवर असावी आणि ती वाजविणारे मराठी हात तिच्यावर असावेत, एवढी इच्छा व्यक्त करतो.